साखर, कॅल्शियम आणि आपली लाल पेशी

आमच्या अब्बांचा एक ठरलेला नेम होता. शुगर तपासायची तारीख जवळ आली की आठ दिवस आधी ते चहातली साखर बंद करायचे, भात अर्ध्यावर आणायचे, फजरनंतर मैदानाला दोन फेऱ्या मारायचे आणि एरवी आठवण करूनही न घेतलेल्या गोळ्या वेळेवर घ्यायचे. रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी दुकानातून येताना पाव किलो जिलेबी घरी यायची. अम्मी रागवायच्या. अब्बा कागद पुढे करायचे. "बघा, १०८ आहे! आता काय म्हणणं आहे तुमचं?"

गेल्या वर्षी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी उपाशीपोटीच्या शुगरबरोबर आणखी एक तपासणी लिहून दिली. तिचे नाव एचबीए१सी. शुगर नेहमीप्रमाणे १०८ आली, पण या दुसऱ्या तपासणीचा आकडा ९ आला. अब्बांना वाटले, प्रयोगशाळेची चूक असणार. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "चाचा, सकाळची शुगर तुम्ही आठ दिवसांत सुधारता. पण तुमच्या लाल पेशी तीन महिन्यांचं सांगतात. त्यांच्यापासून जिलेबी लपवता येत नाही."

आम्ही शाळेत शिकवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करून पास होणारी मुले आम्हाला नवी नाहीत. पण हजेरीपटावर घोकंपट्टी चालत नाही. तिथे वर्षभराची नोंद असते. एचबीए१सी हा रक्ताचा हजेरीपट आहे, एवढे आम्हाला कळले.

त्याच सुमारास मोहल्ल्यातील एक खाला आमच्याकडे आल्या. त्यांनाही दहा वर्षांपासून शुगर आहे. त्यांच्या मोबाइलवर कोणीतरी मजकूर पाठवला होता की मधुमेहात रक्ताच्या पेशींत कॅल्शियम साचते आणि पेशी कडक होतात. खालांनी त्या दिवसापासून दूध-दही सोडले आणि डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही कपाटात ठेवून दिल्या. "बेटा, तुम्ही शिकलेले लोक. हे खरं आहे का?" त्यांनी विचारले.

मजकुरातली गोष्ट अर्धी खरी होती. म्हणूनच ती धोक्याची होती. खालांना उत्तर देण्यासाठी आम्ही वाचायला बसलो, आणि अब्बांचा हजेरीपट व खालांचे कॅल्शियम हे दोन्ही प्रश्न एकाच लाल पेशीत येऊन मिळतात असे दिसले.

एवढीशी पेशी, केवढे काम

आपल्या रक्ताच्या एका थेंबात लाखो-कोटी लाल पेशी असतात. मधोमध दोन्ही बाजूंनी दाबलेल्या चकतीसारखा हिचा आकार. रुंदी सात ते आठ मायक्रॉन, आणि एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. हाडांच्या पोकळीतील मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या लाल पेशी तयार होतात. प्रत्येकीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे. हृदयापासून निघून अंगभर फिरून परत यायला पेशीला सुमारे एक मिनिट लागते. या हिशोबाने एक लाल पेशी आपल्या आयुष्यात दीड लाखाहून जास्त फेऱ्या मारते.

प्रत्येक फेरीत तिची एक अवघड परीक्षा असते. शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्यांतल्या काही अवघ्या तीन ते पाच मायक्रॉन रुंदीच्या असतात. आठ मायक्रॉनच्या पेशीने चार मायक्रॉनच्या गल्लीतून जायचे कसे? दुमडून, वाकून, लांबट होऊन. बाहेर पडताच ती पुन्हा पहिल्यासारखी गोल होते. ही लवचिकता आहे म्हणून डोळ्याच्या पडद्यापर्यंत, मूत्रपिंडापर्यंत आणि पायाच्या बोटांच्या टोकापर्यंत प्राणवायू पोचतो.

प्राणवायूसाठी जास्तीत जास्त जागा व्हावी म्हणून लाल पेशीने आपल्या घरातले बरेच सामान बाहेर काढलेले असते. तिच्यात केंद्रक नाही आणि इतर पेशींत असतात तशी ऊर्जा बनवणारी केंद्रेही नाहीत. त्यामुळे तिला नवी प्रथिने बनवता येत नाहीत. जन्मताना जी हत्यारे मिळाली, त्यांवरच १२० दिवस काढायचे. एखादे बिघडले तर बदलून मिळत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे.

होडी आणि उपसा

आता कॅल्शियमकडे येऊ. कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे, दात आणि दूध आठवते. पण पेशीच्या जगात कॅल्शियम हा एक इशाराही आहे. ते आत शिरले की पेशीतील कामे सुरू होतात किंवा थांबतात. म्हणून ते आत फार थोडे ठेवावे लागते. लाल पेशीच्या बाहेर, म्हणजे रक्तद्रवात, मोकळ्या कॅल्शियमचे दहा हजार कण असतील तर तेवढ्याच जागेत पेशीच्या आत जेमतेम एक असतो.

बाहेर एवढी गर्दी असताना आत थोडेफार झिरपणारच. शिवाय बारीक गल्लीतून अंग चोरून जाताना पेशीच्या पडद्यावरची काही दारे ताणाने किलकिली होतात आणि आणखी थोडे कॅल्शियम आत येते. कोकणातल्या जुन्या लाकडी होडीत असेच पाणी झिरपत असते. ती तरंगते, कारण कोणीतरी डबा घेऊन पाणी उपसत असतो.

लाल पेशीत हे उपशाचे काम एक प्रथिन करते. त्याला कॅल्शियम पंप म्हणतात. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे काम करणाऱ्या हान्स युर्ग शात्समान यांनी १९६६ मध्ये हा उपसा माणसाच्या लाल पेशीतच दाखवून दिला. पंप पेशीच्या पडद्यात रोवलेला असतो. आतला कॅल्शियमचा कण पकडायचा आणि बाहेर टाकायचा, हे त्याचे काम. ते फुकटात होत नाही. दर वेळी एटीपी नावाचे ऊर्जेचे नाणे मोजावे लागते, आणि लाल पेशी हे नाणे केवळ साखरेतून, म्हणजे ग्लुकोजमधून कमावते. दुसरे इंधन तिला चालत नाही.

म्हणजे पंप साखरेवर चालतो. मधुमेहात तीच साखर पंपाला अडवते.

शीरखुर्म्याचा रंग

ते कसे, हे समजायला स्वयंपाकघरात जाऊ. ईदच्या शीरखुर्म्यासाठी दूध मंद आचेवर बराच वेळ आटवले की त्याला हलका बदामी रंग चढतो. आपण रंग घालत नाही. दुधातली साखर दुधातल्या प्रथिनांना चिकटते आणि त्यातून हा रंग व वास तयार होतो. भाजलेल्या रोटीचे तपकिरी डाग याच जातीचे. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले.

हीच गोष्ट आपल्या शरीरात ३७ अंशांच्या उबेत अगदी सावकाश घडत असते. रक्तातले ग्लुकोज ज्या प्रथिनाला भेटेल त्याला हळूहळू चिकटते. सुरुवातीला ही चिकट सुटू शकते. पुढे ती पक्की होते. हे सगळ्यांच्याच शरीरात होते. फरक प्रमाणाचा असतो. रक्तात साखर जितकी जास्त आणि जितके दिवस जास्त, तितकी चिकट जास्त.

लाल पेशीची अडचण अशी की तिचे दार साखरेला नेहमी उघडे असते. स्नायूंच्या पेशींत साखर शिरायला इन्सुलिनचा हुकूम बराचसा लागतो. लाल पेशीत लागत नाही. बाहेर वाढली की आतही वाढते. मग ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, पडद्यातल्या प्रथिनांना चिकटते आणि कॅल्शियम पंपालाही चिकटते. जीर्ण प्रथिन काढून नवे बसवण्याची सोय तर या पेशीत नाहीच.

अर्जेंटिनातील शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये हे प्रयोगातून दाखवले. मधुमेहींच्या लाल पेशींच्या पडद्यातील कॅल्शियम पंप कमी जोमाने काम करत होता. निरोगी माणसांच्या पेशींचे पडदे ग्लुकोजमध्ये ठेवले तेव्हा त्यांचाही पंप मंदावला. म्हणजे दोष पेशीच्या जन्मातला नव्हता. साखरेच्या सहवासाचा होता. इतर अभ्यासांत मधुमेहींच्या लाल पेशींत आतले कॅल्शियम वाढलेले आढळले आहे. उपसणाऱ्याचे हात चिकट झाले, तर होडीत पाणी चढणारच.

कॅल्शियम वाढल्यावर काय होते

हंगेरीतील ग्योर्गी गार्डोश यांनी १९५८ मध्येच एक गोष्ट पाहिली होती. लाल पेशीत कॅल्शियम वाढले की पोटॅशियमचे एक दार उघडते. पोटॅशियम बाहेर पडते, त्याच्या मागे पाणीही जाते आणि पेशी आक्रसते. आतला हिमोग्लोबिनचा रस दाट होतो. पेशीला आकार देणारी आतली जाळी ताठरते. पडद्याच्या आतल्या अंगाला असणारे काही घटक उलटून बाहेर येतात. ही जणू पेशी थकल्याची खूण. अशी पेशी शेजारच्या पेशीला आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू पाहते, आणि जुन्या पेशी गाळून काढणारी प्लीहा तिला मुदतीआधीच बाजूला काढू शकते.

आता ती ताठर पेशी चार मायक्रॉनच्या गल्लीशी आली आहे अशी कल्पना करा. जी मऊ चपातीसारखी दुमडत होती ती आता शिळ्या भाकरीसारखी आहे. ती जाते, पण वेळ घेते. मागे रांग लागते. मधुमेहात पहिला त्रास डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि पाय यांना का होतो, याच्या उत्तराचा एक धागा इथे आहे. एकच धागा, हेही सांगायला हवे. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आणि नसांना थेट इजा करते, रक्तदाब व तंबाखू त्यात भर घालतात. लाल पेशीचा ताठरपणा हा त्या सगळ्यांचा साथीदार आहे.

मग दूध सोडायचे का?

खालांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. नाही, सोडायचे नाही.

लाल पेशीत कॅल्शियम वाढते ते दूध जास्त प्यायल्याने नव्हे, उपसा मंदावल्याने. आपण पेलाभर दूध प्यालो काय किंवा न प्यालो काय, रक्तातले कॅल्शियम शरीर ठरावीक मर्यादेत ठेवते. प्रौढांत साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आहारातून कमी मिळाले तर गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून ती भरपाई करतात. म्हणजे दूध सोडून खालांच्या लाल पेशींना काहीच मिळाले नाही. किंमत मात्र हाडांनी मोजली असती. टाइप दोनच्या मधुमेहात हाडांची घनता चांगली दिसत असूनही हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो. पन्नाशी-साठीतल्या स्त्रीने अशा वेळी डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी आपल्या मनाने बंद करणे म्हणजे एका भीतीपायी दुसरे संकट ओढवून घेणे.

उलट चूकही होते. "कॅल्शियमचा काही घोळ आहे म्हणे" असे ऐकून कोणी दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणून खाऊ लागतो. तेही नको. गोळी किती आणि कोणाला हे मूत्रपिंड, मुतखड्याचा त्रास आणि ड जीवनसत्त्व पाहून डॉक्टर ठरवतात. पंप मोकळा ठेवायचा असेल तर लक्ष कॅल्शियमवर नव्हे, साखरेवर ठेवायला हवे.

तेहरानमधला हजेरीपट

अब्बांच्या ९ या आकड्याचे मूळही इथेच आहे. पंपावर किती साखर चिकटली ते रोजच्या तपासणीत मोजता येत नाही. पण त्याच पेशीत, त्याच साखरेत भिजलेले हिमोग्लोबिन सहज मोजता येते. एचबीए१सी ९ म्हणजे शंभरातल्या नऊ हिमोग्लोबिनवर साखर पक्की चिकटली आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सुमारे २१२ होती असा त्याचा अर्थ. आकडा ७ असेल तर ही सरासरी सुमारे १५४ भरते.

मधुमेहींच्या रक्तात हे हिमोग्लोबिन वाढलेले असते हे इराणच्या सॅम्युएल रहबर यांनी तेहरान विद्यापीठात काम करताना ओळखले आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. ते वेगळ्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचा शोध घेण्यासाठी अनेकांचे रक्त तपासत होते. त्यात काही नमुन्यांत एक अनोळखी पट्टा दिसला, आणि ते नमुने मधुमेहींचे निघाले. रहबर यांचा जन्म हमदानचा. थोर हकीम इब्न सीना यांची कबर ज्या शहरात आहे तेच हे हमदान. आज जगभर ज्या तपासणीवर मधुमेहाचे उपचार ठरतात, तिची पायाभरणी अशी झाली.

या आकड्याचे ढोबळ माप असे: ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. उपचार घेणाऱ्या बहुतेक प्रौढांनी ७ च्या खाली राहावे असे सांगतात. फार वृद्ध किंवा ज्यांची शुगर अचानक उतरते त्यांच्यासाठी डॉक्टर थोडी सूट देतात.

एक सावधगिरी मात्र हवी. हजेरीपट लाल पेशींचा आहे, म्हणून पेशींचेच आयुष्य बिघडले असेल तर नोंद चुकते. लोहाच्या कमतरतेने आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. सिकलसेल, रक्तस्राव किंवा नुकतेच रक्त दिलेले असणे यांमुळे तो फसवा येऊ शकतो, बहुधा कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणून घरातल्या बायकांचा एचबीए१सी पाहताना हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांना दाखवावा.

आपल्या घरात काय करता येईल

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याहूनही जास्त लोक उंबरठ्यावर आहेत. हा आता एखाद्या घराचा प्रश्न राहिलेला नाही. वाचकांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात.

औषध रोजचे रोज घ्यावे. "आज बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडू नये. साखर चिकटताना दुखत नाही, म्हणून कसे वाटते यावर विसंबता येत नाही.

डॉक्टर सांगतील तसा दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी करावा आणि त्याआधी आठ दिवसांची घोकंपट्टी करू नये. फसवणूक डॉक्टरांची होत नाही, आपली होते.

दस्तरख्वानावर एकट्या आजारी माणसासाठी वेगळे ताट मांडू नये. घरातील सर्वांचाच भात थोडा कमी आणि डाळ, भाजी, कोशिंबीर थोडी जास्त झाली तर कोणाचे बिघडत नाही. एकट्याचे पथ्य चार दिवस टिकते, घराचे पथ्य वर्षभर टिकते.

जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे. चालणारा स्नायू साखर ओढून घेतो, तेवढी ती लाल पेशीच्या दाराशी कमी थांबते.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायांच्या संवेदना तपासून घ्याव्यात.

रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून रोजे आणि औषधांच्या वेळा ठरवाव्यात. बोटातून थेंबभर रक्त काढून शुगर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांनी सांगितलेले आहे. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

नव्या पेशी

हे सगळे आम्ही अब्बांना एका रात्री जेवणानंतर सांगितले. होडीची गोष्ट त्यांना पटली. त्यांचे बालपण खाडीकाठी गेले आहे. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ज्या पेशी खराब झाल्या त्या झाल्याच?"

"त्या झाल्या," आम्ही म्हणालो, "पण त्या चार महिन्यांच्याच पाहुण्या. आजपासून ज्या नव्या येतील, त्यांचे पंप कोरे करकरीत असतील. त्यांना कसल्या रक्तात पोहायला लावायचं, ते तुमच्या हाती आहे."

हे आम्ही दिलासा म्हणून बोललो नव्हतो. साखर आटोक्यात आली की लाल पेशींची लवचिकता सुधारते, असे प्रयोगांत दिसले आहे. डोळ्यांच्या पडद्याला किंवा नसांना झालेली जुनी इजा अशी चार महिन्यांत भरून येत नाही, हेही आम्ही त्यांना सांगितले. म्हणून उशीर करायचा नाही.

अब्बांनी जिलेबी अगदीच सोडली असे म्हणणे खोटे होईल. ईदला शीरखुर्म्याची छोटी वाटी त्यांनी घेतलीच, आणि अम्मींनी ती स्वतः भरून दिली. पण दुकानातले दिवसाचे सहा चहा दोनावर आले, तेही बिनसाखरेचे. गोळ्यांचा डबा आता पाण्याच्या माठाशेजारी असतो. चार महिन्यांनी एचबीए१सी ७.६ आला. डॉक्टरांना अजून थोडा खाली हवा आहे. या वेळी तपासणीच्या आधी अब्बांनी काहीही वेगळे केले नव्हते.

खालांच्या घरी पुन्हा दही लागू लागले आहे. कपाटातल्या गोळ्याही त्यांनी बाहेर काढल्या. मोबाइलवर असा मजकूर आला की आता त्या पुढे पाठवण्याआधी आमच्या दारात येतात.